सत्त्याऐंशीच्या बॅचचा पत्ता

परभणीच्या कृषी महाविद्यालयातून आम्ही १९८७ साली बी.एस्सी. कृषी होऊन बाहेर पडलो. वर्गात शंभराच्या आसपास मुलं आणि बोटांवर मोजता येतील इतक्या मुली, त्यातली मी एक. नंतरची पंचवीसेक वर्षं दोघी-तिघी सोडल्या तर कोणाशी माझा काही संबंध राहिला नव्हता. आज बहुतेकांचे नंबर माझ्याकडे आहेत. कोणाची बायपास झाली, कोणाच्या मुलीचं जमत नाही, कोणाच्या विहिरीला यंदा पाणी लागलं, हे कळतं. मधल्या काळात काय काय करावं लागलं ते लिहिते आहे. गेट-टुगेदरचे फोटो सगळीकडे दिसतात, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं फारसं कोणी लिहीत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात एका मृत्यूच्या बातमीनं झाली. माझी नोकरी बियाणे प्रमाणीकरणातली. बीजोत्पादनाचे प्लॉट तपासायचे, शेजारच्या पिकापासूनचं विलगीकरण अंतर मोजायचं, भेसळ झाडं उपटून घ्यायची. त्या कामात जालन्याला सारखं जाणं असायचं, काही वर्षं तर मुक्कामच तिथे होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली, तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव झालं आणि आमच्या कॉलेजची कितीतरी मुलं तिथल्या कंपन्यांत लागली. २०१४ च्या पावसाळ्यात एका कपाशीच्या प्लॉटवर बायका फुलं खुडत होत्या, मी बांधावर उभी होते, आणि शेतकरी सहज बोलून गेला, "मॅडम, ते साहेब तुमच्याच कॉलेजचे होते की. मागच्या महिन्यात वारले." नाव ऐकलं आणि डोळ्यांसमोर तिसऱ्या बाकावरचा एक उंच मुलगा उभा राहिला. माझ्या ऑफिसपासून त्याचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, हे मला त्याच्या बायकोला भेटायला गेले तेव्हा कळलं.

तिनं चहा केला. भिंतीवर आमचा शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो होता. "यात तुम्ही कोणत्या?" तिनं विचारलं. मी खुर्चीवरच्या रांगेत उजवीकडे बोट ठेवलं, दोन वेण्या, पदर गच्च धरलेला. मग तीच मला एकेक चेहरा दाखवत गेली. हा निलंगा, हा जिंतूर, हा भूम, यानं मेसमध्ये ताट फेकलं होतं, याच्या सायकलवर हे पूर्णेपर्यंत गेले होते. तिला माझा वर्ग माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. तो फोटो मी भिंतीवरून काढून घेतला, पुसला, खिडकीत धरला आणि मोबाइलवर टिपला.

तो फोटो म्हणजे आमच्या शोधाचा सात-बारा. काळा-पांढरा, करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली बारीक अक्षरात छापलेली नावं: खुर्चीवर बसलेले डावीकडून, उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग. आडनाव आणि त्यापुढे दोन आद्याक्षरं, एवढंच. उजवा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, त्यामुळे मागच्या रांगेतल्या सात-आठ जणांचे चेहरे शाबूत आणि नावं गायब. मोबाइलवर मोठं करून पाहिलं तर एकाचा चेहरा हललेला. तो भूम. फोटो काढणारा "हलू नका" म्हणाला तेव्हा तोच हसला होता, हे मात्र मला पक्कं आठवत होतं.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. होस्टेलवर मुलं एकमेकांना तालुक्याच्या नावानं हाक मारत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून मुलं आलेली. म्हणजे तेव्हा सातच जिल्हे, कारण हिंगोली १९९९ पर्यंत परभणीतच होतं. एकाच आडनावाचे चौघे-पाच जण, मग कोण कोण हे कळावं म्हणून निलंगा, किनवट, औंढा, गेवराई अशी नावं पडली. कँटीनमध्ये "ए भूम, चहा सांग रे" हे आम्ही मुली लांबून ऐकायचो. हजेरी रोल नंबरवर. त्यामुळे चार वर्षं एका वर्गात बसून आम्हाला तालुके ठाऊक, रोल नंबर ठाऊक आणि नावं ठाऊक नाहीत. फोटोखालचं कोणतं नाव म्हणजे कोणता तालुका, ही जुळवणी करण्यातच बरेच महिने गेले.

माझी रूममेट नांदेडला असते. ती आणि मी, दोघींनी मिळून हे काम घेतलं. तिच्याकडे पाठपुरावा दांडगा. कृषी खात्यात जे लागले होते ते लवकर मिळाले. खात्याची ज्येष्ठता यादी असते, त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, मूळ जिल्हा, सगळं येतं. आमच्या वयाची माणसं तिथून उचलली. बँकेत कृषी अधिकारी म्हणून गेलेले एकमेकांना धरून होते. एक सापडला की चार सापडले. एमपीएससी करून महसुलात आणि पोलिसात गेलेल्यांचे नंबर सगळ्यात सोपे, पण फोन उचलून घेणं सगळ्यात अवघड. पीए म्हणायचे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, काम काय?" रूममेट सांगायची, "काम काही नाही. फक्त सांगा, सत्त्याऐंशीची बॅच." दोघे-तिघे सोडले तर सगळ्यांचा त्याच दिवशी उलटून फोन आला.

नोकरी न केलेले, गावी शेती करणारे, ते कुठल्याच यादीत नव्हते. त्यांच्यासाठी दोन वाटा कामी आल्या. पहिली वाट कृषी सेवा केंद्राची. तालुक्याच्या गावात खत-बियाण्याच्या दुकानदाराला परिसरातला कृषी पदवीधर हमखास ठाऊक असतो. एक तर तो त्याचं गिऱ्हाईक असतो, नाही तर शेजारचा दुकानदार. दुसरी वाट परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याची. १८ मे १९७२ ही विद्यापीठाची स्थापना, आणि दर वर्षी त्याच दिवशी परभणीत खरीप मेळावा भरतो. भर उन्हाळ्यात मराठवाड्यातले शेतकरी बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लावतात. मी त्या रांगेच्या कडेनं चालत गेले, चेहरे बघत. साठीकडे झुकलेल्या माणसात विशीतला मुलगा शोधायचा म्हणजे कपाळ आणि कान बघायचे, बाकी सगळं बदलतं. औंढा मला तिथे सापडला. बीडीएन ७११ तुरीची पिशवी खांद्यावर, डोक्याला उपरणं.

मी म्हटलं, "औंढा ना तुम्ही?"

तो थबकला. "कोण बोलायलंय?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "मी तुमच्या बॅचचा नाही मॅडम. मी तिसऱ्या वर्षालाच सुटलो."

हे खरं होतं. तो फोटोत नव्हता. घरी भाऊबंदकीचा दावा सुरू झाला, एक वर्ष ड्रॉप गेलं, पुन्हा आला नाही. आमच्यासारख्याच १९८३ ला भरती झालेल्या, पण मागे राहिलेल्या किंवा सोडून गेलेल्या अशा मुलांची संख्या कमी नव्हती. बॅच कोणती धरायची, पास झालेल्या वर्षाची की भरती झालेल्या, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. मी ठाम होते. ज्यांनी आपल्याबरोबर पहिल्या पावसाळ्यात नांगराच्या प्रॅक्टिकलला काळ्या चिखलात पाय घातले ते सगळे आपले. औंढा आज आमच्यातला सगळ्यात नियमित माणूस आहे. गावी कोणी आजारी असलं तर पहिला तो पोचतो.

मुलींचा शोध वेगळाच. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक बॅचच्या याद्यांमध्ये मुली गळतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे लग्नात आडनाव बदलतंच, पण आमच्या काळात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायचे. म्हणजे फोटोखाली छापलेलं नाव जगात कुठेच उरलेलं नाही. ना मतदार यादीत, ना सात-बाऱ्यावर, ना फेसबुकवर. मुलगा हरवला तर त्याच्या गावी विचारता येतं. मुलीचं गावही बदललेलं.

मग माहेर धरायचं. माझ्याकडे एक ऑटोग्राफ बुक होतं, त्यात मैत्रिणींचे पत्ते, मु. पो., ता., जि. अशा पद्धतीनं लिहिलेले. त्या पत्त्यांवर मी पोस्टकार्डं टाकली. "आपल्या भगिनी माझ्यासोबत परभणीस शिकत होत्या," अशी सुरुवात, खाली माझं माहेरचं नाव आणि नंबर. काही कार्डांचं काहीच झालं नाही. काहींवर भावाचा फोन आला, एका ठिकाणी भाच्याचा. एकीच्या माहेरचं घर विकलेलं, पण ज्यानं घेतलं होतं त्यानं कार्ड जपून ठेवलं आणि नागपंचमीला ती गावात आली तेव्हा तिच्या हातात दिलं. मराठवाड्यात पंचमीला लेकी माहेरी येतातच, घर नसलं तरी चुलत्याकडे येतात. त्यानंतर आम्ही माहेरच्या गावी फोन करायचे ते पंचमीच्या आसपासच.

तिचा फोन आला तेव्हा मागे झोक्यावरच्या बायकांचा गलका ऐकू येत होता. मी माहेरचं नाव सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "तुझा रोल नंबर सांग." मी सांगितला. मग ती रडायला लागली.

शेवटच्या सेमिस्टरला तिचं लग्न झालं होतं. गंगाखेडच्या पुढे सासर. परीक्षा दिली, पास झाली, पदवीचा कागद सासरच्या ट्रंकेत गेला तो तिथेच. नवरा लवकर गेला, मग शेती तिनंच केली. गावात कोणाला माहीतही नव्हतं की ही बाई कृषी पदवीधर आहे. भेटायला ये म्हटलं तर नको म्हणाली. "तुम्ही सगळे साहेब झालात. मी काय सांगू येऊन?" मी आग्रह केला नाही. महिन्यातून एकदा फोन करत राहिले. बोलणं सोयाबीनचं, पावसाचं, मजुरीचं. एकदा तिच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, पानं हळदीसारखी पडली. आमच्या वर्गातला एक जण वनस्पतिरोगशास्त्रात प्राध्यापक आहे, त्याला तिचा नंबर दिला. तो दुसऱ्या दिवशी थेट तिच्या शेतात गेला. रोगट झाडं उपटून गाडायला सांगितली, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त सांगितला, आणि निघताना म्हणाला, "दुसऱ्या वर्षाच्या पॅथॉलॉजीला तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते." पुढच्या वर्षी ती भेटीला आली. स्वतः एसटीनं, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन.

लोहाऱ्याकडच्या मित्राची गोष्ट निराळी. त्याचं गाव सास्तूरच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतला कोणीही विसरणार नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती आणि चार वाजायच्या आत किल्लारीपासून सास्तूरपर्यंत दगड-मातीची घरं बसली. सरकारी आकड्यानुसारच जवळपास ८ हजार माणसं गेली. मित्र नोकरीच्या गावी होता म्हणून वाचला. आई-वडील आणि धाकटा भाऊ गेले. तेव्हा आमच्यातले लातूरचे काही जण तिथे पोचले होते, पण त्या गोंधळात त्याची-त्यांची गाठ पडली नाही. नंतर त्याचं पत्र कोणाला आलं नाही आणि त्याला टाकलेली पत्रं परत आली, कारण तो पत्ताच राहिला नव्हता. ५२ गावं मूळ जागेवरून उठवून नव्या ठिकाणी वसवली, त्यातलं एक त्याचं. आम्ही २०१६ मध्ये त्याच्या नव्या गावी गेलो. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. तो म्हणाला, "तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं, फक्त लई वर्षं लागली." त्यानं आम्हाला जुन्या गावाच्या जागी नेलं. तिथे आता बाभळी आहेत. आमच्या वर्गातल्या कोणीतरी आई-वडिलांच्या आठवणी सांगाव्यात असं त्याला वाटत होतं, कारण त्यांना ओळखणारी माणसं गावातही फार उरली नव्हती. आमच्यातले तिघे सुट्टीत त्याच्या घरी राहिलेले होते. त्याच्या आईच्या हातची धपाटी त्यांनी खाल्ली होती. त्या रात्री त्यांनी त्याला त्याच्या आईबद्दल सांगितलं. हे काम त्यांच्याशिवाय कोणी करू शकलं नसतं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप दरम्यान सुरू झाला होता. तेव्हा एका ग्रुपमध्ये शंभरच माणसं मावायची, आम्हाला ती पुरली. पहिल्या दिवशी कोणीतरी "जगात जर्मनी, भारतात परभणी" टाकलं आणि रात्री एकपर्यंत कोणी झोपलं नाही. मुलगे आम्हाला "मॅडम, आपण" म्हणायचे. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी जेमतेम बोललेलो. जर्नल हवं असलं तरी शिपायाच्या हातून मागायचो. पन्नाशीत पहिल्यांदा बोलायचं म्हणजे दोन्हीकडून संकोच. कोणी ताई म्हणायला लागलं, कोणी वहिनी, जे आम्ही कोणाच्याच नव्हतो. शेवटी निलंग्याच्या मित्रानं लिहिलं, "आपण वर्गमित्र आहोत, अरे-तुरे करू या." दोन-तीन बायकांना त्यांच्या घरी ते चालणार नव्हतं, त्यांना अजून आम्ही सगळे अहो-जाहोच करतो. जिला जसं सोयीचं तसं.

आमच्या बॅचच्या मेळाव्याचं वर्णन करत नाही. फेटे बांधले, गुरुजनांचा सत्कार केला, रडलो, फोटो काढले. मात्र पहिल्या मेळाव्यात एक गोष्ट ध्यानात आली ती सांगते. वर्गणी ठरली होती. ठरवणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि रक्कम नोकरदाराला जड नव्हती. वर्गणी जमा झालेल्यांची यादी ग्रुपवर रोज पडायची, नावापुढे बरोबरची खूण. पण जसजशी यादी वाढत गेली तसतसे काही जण गप्प होत गेले. "त्या दिवशी घरात लग्न आहे," "आईला दवाखान्यात न्यायचंय." मे महिन्यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. असलेला बियाण्या-खतासाठी राखलेला असतो. हे कृषीच्या पदवीधरांना कोणी समजावून सांगायची गरज नसावी. पुढच्या वेळेपासून यादी बंद. ज्याला द्यायचं त्यानं मानवतच्या मित्राकडे गुपचूप द्यायचं, किती दिलं ते त्याच्यापाशीच राहील. आणि भेट हॉटेलात न ठेवता त्याच्याच शेतावर, जानेवारीत, हुरड्याला. आगटीत गोवऱ्यांवर भाजलेली गुळभेंडी ज्वारीची कणसं हातावर चोळायची, तिळाची चटणी, दही, गूळ. खर्च असा फार नाही आणि शेतकरी असलेला मित्र तिथे पाहुणा राहत नाही, जाणकार असतो. कोणती कणसं दुधात आहेत ते निवडून आणायला त्यालाच लागतं. उपस्थिती वाढली ती या बदलानंतर.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, ग्रुपचं रूपच पालटलं. कोणत्या गावात ऑक्सिजनचा बेड आहे, कोण रात्री दवाखान्यासमोर थांबेल, कोणाच्या मुलाला डबा पोचवायचा, एवढंच त्यावर असायचं. त्या दोन महिन्यांत आमच्यातले काही गेले. गेलेल्यांचे नंबर ग्रुपमधून काढायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला गेवराईच्या मित्राच्या नंबरवरून संदेश आला: "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." त्याच्या बायकोनं पाठवला होता. तिला कोणी काही लिहायच्या आत रूममेटनं फोन लावला आणि तासभर बोलली. आता ती आमच्यातलीच आहे. हुरड्याला येते. जालन्याच्या मित्राची बायकोही येते.

या सगळ्यात सगळ्यात कठीण काळ २०२३ चा. १ सप्टेंबरला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि आरक्षणाच्या प्रश्नानं मराठवाडा ढवळून निघाला. ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नात पंक्ती वाढल्या, तिथे लोक एकमेकांच्या दुकानातला माल घेईनासे झाले. आमच्या वर्गात सगळ्या जातींची मुलं. ग्रुपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड येऊ लागले, मग उत्तरं, मग उत्तरांना उत्तरं. काही जण ग्रुप सोडून गेले. एका रात्री चौघे गेले, त्यात दोघे असे की होस्टेलवर चार वर्षं एका खोलीत राहिलेले.

आम्ही सहा-सात जणांनी ग्रुपवर काहीही लिहायचं नाही असं ठरवलं आणि फोन हातात घेतला. सोडून गेलेल्या प्रत्येकाला फोन, आरक्षणाबद्दल चकार शब्द नाही. बीडला त्या दोघांतल्या एकाच्या आईला अर्धांगवायू झाला होता, मी आणि औंढा तिला बघायला गेलो. तिथे त्याचा खोलीमित्रही येईल असं आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, पण तो आला. दोघं ओसरीवर बसले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग यानं विचारलं, "कापूस किती निघाला?" आणि बोलणं सुरू झालं. ग्रुपचा नियम त्यानंतर पक्का केला: फॉरवर्ड काहीही नाही, स्वतःबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायचं. कडाक्याचे वाद हुरड्याला समोरासमोर होतात, होऊ देतो. समोर बसलेला माणूस आपल्याच ताटातली चटणी घेत असतो, तेव्हा शब्द जपून वापरले जातात.

त्याच काळात नांदेड जिल्ह्यातल्या एका मित्राचा मला फोन आला. तो कधी फार बोलायचा नाही. म्हणाला, "तुम्ही सगळे आता म्हणायलात की मराठवाड्यात असं कधी नव्हतं. १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला तेव्हा मी आठवीत होतो. आमची वस्ती जळाली. कॉलेजात चार वर्षांत मला कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही." मी ऐकून घेतलं. त्याला विचारलं, हे सगळ्यांना सांगशील का. तो म्हणाला, ग्रुपवर नाही, समोर सांगीन. पुढच्या जानेवारीत त्यानं सांगितलं. त्या रात्री त्याची आई त्याला आणि बहिणीला घेऊन ज्वारीच्या पिकात कशी बसली होती, तेवढंच त्यानं सांगितलं, आवाज न चढवता. ज्यांनी ऐकलं त्यातल्या काहींच्या गावांत तेच झालं होतं, आणि त्यांची घरं दुसऱ्या बाजूला होती. एक जण उठून त्याच्याशेजारी जाऊन बसला. चाळीस वर्षांची ओळख, आणि हे पहिल्यांदा कळत होतं. मला वाटतं, आमची बॅच खऱ्या अर्थानं त्या दुपारी एकत्र आली.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. एक साधी वही, पानाला एक माणूस: रोल नंबर, तालुका, घरातली माणसं, शेवटचं बोलणं कशाबद्दल झालं. सकाळी चहा झाला की दोघांना फोन. वाढदिवसाला करत नाही, त्या दिवशी सगळेच करतात. एखादा ग्रुपवर बरेच दिवस गप्प असला की त्याचं पान वर येतं. गप्प बसलेल्यांपैकी निम्म्यांना खरंच काहीतरी झालेलं असतं: निवृत्तीनंतर पेन्शन अडकलेली, मुलाचं कर्ज, डोळ्यांचं ऑपरेशन. फोनवर सुरुवातीला "सगळं ठीक" म्हणतात. पाचव्या-सहाव्या मिनिटाला खरं सांगतात, म्हणून फोन लवकर ठेवायचा नाही. रूममेट नांदेड, लातूर, धाराशिव बघते, मी बाकीचे जिल्हे. आमच्या दोघींच्या माघारी वही कोणाकडे जाणार तेही ठरलं आहे, औंढ्याकडे.

काही जण अजून सापडलेले नाहीत. किनवटकडचा एक, फोटोत मागच्या रांगेत डावीकडून चौथा. त्याचं घर विकलं गेलं, तो तेलंगणात आदिलाबादकडे गेला असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दुसरी आमचीच एक मैत्रीण, माहेर उदगीरचं, दुसऱ्या वर्षानंतर लग्न होऊन कर्नाटकात बीदर-भालकीच्या बाजूला गेली. ती फोटोतही नाही. तिच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकू तिला ओळखतात, ती अधूनमधून पंचमीला येते म्हणतात, पण नवं नाव त्यांना आठवत नाही. यंदा पंचमीला रूममेट उदगीरला मुक्कामी थांबणार आहे. आणि १८ मेच्या मेळाव्याला आदिलाबादकडचे शेतकरीही येतात, म्हणून त्या दिवशी बियाण्याच्या रांगेला आमच्यातले चौघे असतील, दोन्ही टोकांना दोघे दोघे.